लावणीच्या दिवशी आराम

मावळात समुद्र नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण पवनेच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवाल्याने तो आणून ठेवलाय. ट्रकने पांढरी वाळू ओतली, नारळ लावले, छत्र्यांखाली लाकडी खाटा टाकल्या आणि दाराला शिंपले चिकटवले. त्या समुद्रावर एक दिवस आराम करायचं बक्षीस माझ्या लेकीला कंपनीतून मिळालं. ती जवळच्या नवलाख उंबरे गावात कारखान्यात आहे. वर्षभरात तिने एकही खाडा केला नव्हता, म्हणून दोन माणसांसाठी सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंतचं कूपन. वर तारीख छापलेली, ती बदलून मिळणार नव्हती.

"आई, तूच यायचंस," ती म्हणाली. "तुला मी आजवर नुसतं बसलेलं पाहिलं नाही."

मी हो म्हणून बसले. जुलैतली तारीख आणि मी हो म्हटलं, इतकी वर्षं भात लावून मला एवढी अक्कल नसावी!

आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, परवा मी त्यांच्या. मजुरी नाही, कागद नाही, नुसता शब्द. माझ्या लावणीला शेजारीण अंगात कणकण असताना दिवसभर वाकली होती. आता तिची पाळी आली आणि ती नेमकी कूपनाच्या तारखेला. चिखलणी झाली की दुसऱ्या दिवशी रोप लागलंच पाहिजे, चिखल घट्ट बसला की बोट रुतत नाही. आठ जणींचं काम सात जणींवर पडणार होतं. आणि सावडीला जी चुकते तिला तोंडावर कोणी बोलत नाही, पुढच्या वर्षी फक्त हाक मारत नाहीत.

आदल्या दिवशी मी तिच्या दारात गेले. तुम्ही चिखलात आणि मी रिसॉर्टात, हे सांगायला जीभ रेटेना.

"उद्या तळेगावला डॉक्टरकडे जायचंय," मी म्हणाले. "नंबर लावलाय."

"काय झालं गं?"

"बीपी."

"मग जा बाई. जिवापरास काय हाय? आमी हाय तितं."

तिने एवढं चांगलं बोलायला नको होतं. रात्रभर मी कूस बदलत राहिले.

रिसॉर्टच्या गेटवर मनगटाला पट्टी बांधली, गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तशी. माझा डबा ठेवून घेतला, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. साडीवर पोहण्याच्या तलावाजवळ बसता येत नाही, म्हणून टॉवेलच्या कापडाचा एक पांढरा झगा दिला. माझी साडी कपाटात बंद झाली आणि त्याची किल्ली लेकीच्या मनगटावर गेली. मला हसूही आलं आणि जीवही घाबरा झाला. लेक मात्र फुलली होती. "टेक ना मागे. मोकळी बस." मी मागे टेकले की छत्रीचा दांडा दिसायचा, आणि डोक्यात एकच, आता रोपांच्या मुठी सोडल्या असतील, आता जिने तिने आपल्या वाट्याच्या ओळीची पात धरली असेल.

शेजारणीचं खाचर रिसॉर्टच्या कुंपणाला लागून आहे हे मला माहीत होतं. पण बाहेरून त्या कुंपणाला हिरवं कापड असतं, आतलं काही दिसत नाही. तलाव उंचावर बांधलाय आणि तिथून पाण्याचा देखावा दिसावा म्हणून त्या बाजूचं कापड काढून टाकलंय, हे मला कुठून माहीत असणार? मी खाटेवर अवघडून गेले, म्हणून उठून तलावाच्या काठावर उकिडवी बसले आणि समोर बघते तर हाकेच्या अंतरावर आमच्याच बायका. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, कंबरेत वाकलेल्या. मी मोजल्या. सात.

"जरा बाहेर जाऊन येऊ का गं?" मी लेकीला विचारलं.

"बाहेर? गेटवर पट्टी कापतात आई, परत आत घेत नाहीत." तिचा चेहरा एवढासा झाला. "तुला आवडलं नाही का?"

"आवडलं की! सहज विचारलं."

वर्षभर खाडा न करता मिळवलेला दिवस मी कसा मोडणार होते? इकडे ती, तिकडे त्या, आणि मध्ये मी, उसन्या झग्यात. मला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. लेकीला वाटलं, पाण्यातल्या औषधाने झोंबलं.

तलावातली माणसं काठाशी जमून खाचराचे फोटो काढायला लागली. "किती शांत आहे ना इथे," एक बाई म्हणाली. तेवढ्यात खालून कोणीतरी हात हलवला. मग दुसरीने. वरच्यांनी आनंदाने हात हलवले. चष्मा काढून पाण्यात उतरलेली माझी लेकही कोणाला ते न कळता हात हलवत होती. मी तेवढी झटकन उठून छत्रीमागे गेले.

पुन्हा डोकावले तेव्हा ओळीत आठ जणी होत्या. आठवी हळूहळू मागे सरकत होती, मधेच गुडघ्यावर हात टेकत होती. शेजारणीची सासू. दोन वर्षं ती खाचरात उतरली नव्हती. माझी पात तिने धरली होती. त्या दुपारी सतरा पदार्थ मांडले होते आणि मी नुसतं ताक घेतलं.

संध्याकाळचा चहा झाल्यावर पट्टी कापली. लेकीला घरी पाठवून मी साडीतच खाचरावर गेले. उजेड होता अजून. बायका बांधावर पाय धूत होत्या.

"काय म्हनला डाक्टर?" शेजारणीने विचारलं.

खरं सांगायची ती वेळ होती. "गोळ्या बदलल्यात," मी म्हणाले. "आराम सांगितलाय."

शेजारीण खाली बघून पायाचा चिखल चोळत राहिली. म्हातारी तेवढी बांधावर बसल्या बसल्या हसली. "अगं, त्या पांढऱ्या झग्यात तूच व्हतीस न्हवं? तलावाच्या काठाला उकिडवी बसलेली तू येकटीच. आमी लय हात केला. म्हटलं, बरं झालं बाई, आपल्यातली येक तरी निवांत बसली. तर तू छत्रीमागं!"

शेजारीण अजूनही वर बघत नव्हती.

म्हातारीच्या पायाशी रोपांची एक मूठ उरली होती. मी पदर खोचला, मूठ उचलली आणि चिखलात उतरले. बांधापासून बांधापर्यंत बघितलं. खाचर सगळं लावून झालं होतं, एका मुठीलाही जागा नव्हती.