चाळीस संध्याकाळचा नवस

‘दुखत नाही गो, नुसतं पाणी भरतं,’ असं क्लेमेंटीन एकदा थेरेसाला म्हणाली होती. थेरेसा शेजारीण. कुंपणापलीकडून चौकशी करत होती. वाडीतल्या एखाद्या आळ्यात जरा जास्त पाणी साचलं असावं, इतक्या साध्या आवाजात क्लेमेंटीननं ते सांगितलं.

जुलियाना तेव्हा मागच्या पायरीवर बसून तिचे केस विंचरत होती. जुलियाना म्हणजे क्लेमेंटीनची मोठी नणंद, पन्नाशीला टेकलेली, लग्न न झालेली. थेरेसा म्हणाली, ‘राणी झालीस गो. नणंद वेणी घालून देते, असं सासर सांडोर गावात आणखी कुणाला मिळालंय?’ क्लेमेंटीन हसली. जुलियानाला हसू आलं नाही. पाणी हा शब्द ऐकल्यापासून तिचा कंगवा केसांतच थांबला होता.

क्लेमेंटीन आगाशीची. एकोणीस वर्षांपूर्वी पास्कलशी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिला फारसं बोलताच येत नाही असं सगळ्यांना वाटलं. तिच्या माहेरी सुकेळी करायचे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, आणि आठवडाभर रोज एकेक केळं दोन बोटांनी उलटायचं. घाई केली की केळं फाटतं. ती माणसांशीही तशीच वागायची. विचारलेल्याला उत्तर द्यायची, पण कुणाला सोलायला जायची नाही. पहिल्या वर्षी जुलियानाला हा तोरा वाटला. मग आई अंथरुणाला खिळली, आणि दोघींनी मिळून तिचं दोन वर्षं सगळं केलं. त्यानंतर जुलियानाला त्या न बोलण्याची सवय झाली. घरात मूल नव्हतं. पास्कल पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जायचा, दुपारी परतायचा. बाकीचा सगळा दिवस या दोघींचा.

म्हणून गाठ लागली तेव्हा क्लेमेंटीननं आधी नवऱ्याला सांगितलं नाही. विहिरीवर जुलियानाचा हात धरून तिनं तो आपल्या डाव्या बाजूला नेला आणि म्हणाली, ‘बाय, हे बघ.’ अठ्ठ्याहत्तर सालचा नाताळ आठ दिवसांवर आला होता.

जानेवारीत मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. डावा स्तन गेला, काखेतलंही बरंच गेलं. दार बंद होतं तेवढे तास जुलियाना बाहेरच्या बाकावर बसून होती. त्याच बाकावर ती नवस बोलली. ही जिवंत घरी येऊ दे, ही चाळीस संध्याकाळी गावच्या क्रुसापुढे हात पसरून रोझरी म्हणेल.

ती म्हणेल, असंच जुलियाना बोलली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. लहानपणी पास्कलला विषमज्वर झाला होता, तेव्हा आई असाच नवस बोलली होती. ताप उतरल्यावर सहा वर्षांचा पास्कल नऊ दिवस क्रुसापुढे हात पसरून उभा राहिला होता. जो वाचतो तो फेडतो. या घरात हे असंच चालत आलं होतं.

क्लेमेंटीनच्या छातीला घट्ट पट्टा बांधला होता. पट्ट्याखालून एक रबरी नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. बाटलीत आधी लाल उतरलं, मग गुलाबी, मग पिवळं. जुलियानाला त्या बाटलीचं वेडच लागलं. सिस्टर मेरी, म्हणजे त्या वॉर्डातली नर्स, बाटली उजेडात धरून रेघ बघायची, तेव्हा जुलियाना तिच्या खांद्यावरून डोकावायची. ‘मावशी, तुम्हीच माझी नोकरी घ्या,’ सिस्टर म्हणायची. अकराव्या दिवशी नळी काढली. घरी जाताना डॉक्टरांनी बजावलं, ‘हा हात अंगाशी ठेवायचा. पट्टा सैल करायचा नाही. या हातानं काहीही काम करायचं नाही. जखम पूर्ण भरली की किरणांचा शेक सुरू करू. शेकाला उशीर नको.’

जुलियानानं ते शब्द सोन्यासारखे जपून घरी आणले. क्लेमेंटीनला तिनं झाडूला हात लावू दिला नाही, तांब्या उचलू दिला नाही. केस विंचरायचे तिनं, लुगड्याला गाठ मारायची तिनं. एकदा क्लेमेंटीन वालाचा वेल मांडवावर चढवायला गेली, तर जुलियाना ओरडत धावली, ‘हात खाली. आधी हात खाली.’

आणि चर्चची संध्याकाळची घंटा झाली की तीच जुलियाना तिला क्रुसाकडे घेऊन जायची.

पास्कलनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. ‘हात हलवायचा नाही म्हणालेत ना डॉक्टर?’

‘कामाला हलवायचा नाही,’ जुलियाना म्हणाली. ‘प्रार्थना काय काम आहे?’

पास्कलनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देवाच्या गोष्टीत तो मोठ्या बहिणीपुढे कधीच बोलत नसे.

क्रूस वाडीच्या तोंडाशी होता, चुन्यानं रंगवलेला, पायथ्याशी झेंडूची फुलं सांडलेली. क्लेमेंटीन गुडघे टेकायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि दोन्ही हात बाजूंना पसरायची. रोझरीची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच जप, वीस मिनिटं तरी. दुसऱ्या दशकातच डावा हात थरथरू लागायचा. मागे बसलेल्या जुलियानाला तो थरथरणारा पंजा आणि त्यापलीकडे केळीची काळी पानं दिसायची. हात जरा खाली आला की क्लेमेंटीन तो परत वर न्यायची. देव हे बघत असेल, असं जुलियानाला वाटायचं.

आठव्या दिवशी दोघी इस्पितळात दाखवायला गेल्या. पट्टा सोडला तर व्रणाखाली कातडी फुगली होती. बोटानं दाबलं की आत काहीतरी हलायचं. डॉक्टरांनी सुई घालून पिवळं पाणी काढलं, पट्टा आणखी आवळला. ‘घरी काय काम करतात या?’

‘काही नाही, डॉक्टर. तांब्यासुद्धा उचलत नाही.’ जुलियाना खरं तेच सांगत होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी तीच सुई, तोच प्रश्न, तेच खरं उत्तर. ‘पाणी थांबत नाही तोवर शेक देता येत नाही,’ डॉक्टर म्हणायचे. घरी येऊन जुलियाना पाणी थांबावं म्हणून जास्त मनापासून प्रार्थना करायची, आणि क्लेमेंटीनचे हात तितकेच पसरलेले असायचे.

बत्तिसाव्या दिवशी त्या चौथ्यांदा गेल्या. डॉक्टर यायचे होते. सिस्टर मेरी पट्टा सोडता सोडता म्हणाली, ‘बघू, हात किती वर येतो? जपून हं. बहुतेक बायकांचा वीतभरसुद्धा येत नाही.’

क्लेमेंटीननं दोन्ही हात बाजूंना पसरले. खांद्याच्या रेषेत, सरळ, आणि तसेच धरून ठेवले.

सिस्टर बघत राहिली. मग हळूच विचारलं, ‘हे कुणी शिकवलं तुम्हाला?’

क्लेमेंटीननं जुलियानाकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी जुलियानानंच सांगितलं. क्रूस, वीस मिनिटं, एकतीस दिवस. सांगताना ‘नवस’ हा शब्द त्या खोलीत तिला पहिल्यांदाच वेगळा ऐकू आला.

सिस्टर मेरीही ख्रिस्ती होती. ती रागावली नाही. तिनं टेबलावरचा एक कागद ओल्या हातानं फरशीवर चिकटवला आणि त्याचं टोक उचललं. ‘आत कातडी फासळ्यांना अशी चिकटायची असते, मावशी. हात पसरला की ती अशी सुटते. सुटली की पोकळी होते, आणि पोकळीत पाणी भरतं. नंतर हात हलवायचाच असतो, आम्हीच शिकवतो. पण आधी चिकटू द्यायचं. म्हणून तर हात अंगाशी.’

जुलियाना खाली वाकून त्या कागदाकडे बघत राहिली.

डॉक्टर आले. पाणी काढलं. मग त्यांची बोटं गळ्याच्या हाडापाशी फिरली, थांबली, पुन्हा तिथेच आली. तिथे एक बारीक गाठ लागत होती. ‘शेक तीन आठवड्यांपूर्वी सुरू व्हायला हवा होता,’ ते एवढंच म्हणाले. त्या तीन आठवड्यांमुळेच गाठ आली, असं कुणी म्हणालं नाही. नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

घरी पोचल्या तेव्हा दिवस कलत होता. चपला काढायच्या आतच घंटा झाली. क्लेमेंटीन उंबऱ्यात थांबली आणि तिनं वळून जुलियानाकडे पाहिलं. ती वाट बघत होती, हे जुलियानाला कळलं. राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण नऊ दिवस उरले होते. आज नवस मोडला आणि ती गेली तर? जुलियानानं नजर खाली वळवली.

क्लेमेंटीन क्रुसाकडे गेली. सगळं कळून गेली. त्या संध्याकाळी तिचा हात एकदाही खाली आला नाही.

सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जुलियाना फादर फ्रेडरिककडे गेली. फादर म्हातारे, गावच्या सगळ्या नवसांचे माहीतगार. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

‘दुसऱ्याच्या अंगावर नवस बोलता येत नाही, जुलियाना. तू बोललीस, तो तुला लागला. तिला नाही.’

‘आई बोललीच होती ना, फादर, पास्कलच्या नावानं?’

‘पास्कल ताप उतरलेलं पोर होतं. त्याचं काही बिघडलं नाही, म्हणून ती चूक कुणाला दिसली नाही.’

‘म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून...’

‘पहिल्या दिवसापासून काहीच फेडायचं नव्हतं. उरलेलं तू फेड.’ मग ते म्हणाले, ‘आधी यायचंस गो.’

वाटेत जुलियानानं वाक्यं जुळवली. नवस सुटला, हे आधी सांगायचं. त्यानं तिला हलकं वाटेल. बाकीचं मग. पण स्वयंपाकघरात शिरली तर क्लेमेंटीन पाटावर बसून उजव्या हातानं वालाच्या शेंगा सोलत होती, डावा हात मांडीवर ठेवलेला, पंजा उघडा. ते पाहून जुळवलेलं सगळं विस्कटलं.

‘फादरना विचारून आले,’ जुलियाना म्हणाली. ‘तुला नवस लागतच नाही. मी बोलले होते, तर तो माझाच. तुझ्या हातांनी फेडायचा नव्हताच तो. मला ठाऊक नव्हतं गो.’

क्लेमेंटीनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

‘उरलेले आठ दिवस मी जाईन,’ जुलियाना म्हणाली. ‘तू घरी बस. पट्टा घट्ट बांधून देते. पाणी थांबेल आता. शेक होईल.’ तिला आणखी बोलायचं होतं. काल उंबऱ्यात मी का बोलले नाही, तेही सांगायचं होतं. पण ते वाक्य तोंडातून निघेना. ‘काहीतरी बोल ना,’ ती म्हणाली. ‘शिव्या दे हवं तर.’

क्लेमेंटीननं शेंग सुपात ठेवली. उजवा हात जमिनीवर टेकून ती सावकाश उठली. सवयीनं जुलियाना तिला धरायला पुढे झाली, तशी ती जरा बाजूला सरकली. फार नाही, हात पोचणार नाही एवढीच. मग पदर खांद्यावर ओढून घेतला, मागचं दार उघडलं, आणि बाहेर निघून गेली.