मामी आली, उठून बसा

कोल्हापुरात माझ्या थोरल्या मामीला घाबरत नसेल असा एकही आजार शिल्लक नव्हता. निदान आम्हा नातेवाइकांची तशी पक्की समजूत होती. कुणी अंथरूण धरलं की आधी डॉक्टर आणि मागोमाग मामी, हा आमच्याकडचा क्रम. हातात पांढऱ्या रश्श्याचा डबा, कपाळावर आठी, आणि जिन्यातूनच सुरू झालेला आवाज. "रोग म्हंजे बिनबोलवता आलेला पावणा," ती म्हणायची. "च्या इचारला की मुक्काम ठोकतोय." त्यामुळं कुणाला कसं वाटतंय, हे ती कधीच विचारत नसे, सरळ झापायलाच लागे. शेजारच्या खाटेवरचे अनोळखी पेशंटही तिला बघून पाय जवळ घेत.

माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम केला तर हात सुधारेल, असं डॉक्टर सांगत होते, पण वडिलांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. मामी आली. "दाजी, आमच्या नणंदबाईंनी काय जन्मभर तुमचं तोंडच पुसत बसायचं व्हय? हात न्हाय, तुमचं मन लुळं पडलंय!" वडील इतके संतापले की हिला बाहेर काढा म्हणून ओरडले, आणि ती जाताच रागारागानं रबरी चेंडू दाबायला लागले. दिवाळीपर्यंत त्या हातानं त्यांना भाकरीचा तुकडा मोडता यायला लागला. तेव्हापासून मामीची कीर्ती अशी पसरली की लोक तिला न्यायला रिक्षा पाठवू लागले.

मग मामाच आजारी पडले. एसटीत कंडक्टर म्हणून चंदगडच्या रस्त्यावर उभा जन्म घालवलेला, कमी बोलणारा माणूस. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तोही हाताबाहेर गेलेला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. मामीनं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि ती वॉर्डात शिरली. "आवं, उठून बसा की! लोळायला काय झालंय?" मामा उठून बसले. रोज बसायचे. ती म्हणेल तेवढं चालायचे, ती भरवील तेवढं गिळायचे आणि ती गेल्यावर ओकायचे. तिच्यासमोर मात्र एकच उत्तर: "बरं हाय." मामी आम्हाला सांगायची, "बघा, वळणावर येतंय."

एका दुपारी मी आणि मामी डबा घेऊन गेलो, तर दारातच आतलं बोलणं ऐकू आलं. मामा नर्सला सांगत होते, "सिस्टर, दुखायचं इंजेक्शन आत्ताच द्या. ती यायची येळ झाली. तिच्यासमोर उठून बसाय लागतंय. न्हाय बसलो तर तिचा धीर सुटंल."

मामी चौकटीला टेकली. थोड्या वेळानं डबा माझ्या हातात देऊन ती आत गेली. तिला बघताच मामा कोपरावर जोर देऊन उठायला लागले. तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला. "झोपा," ती म्हणाली. "लई दमलाय." तिचा तेवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. मामा उशीवर मागं टेकले. मग कुठं, कसं, किती दुखतंय, ते तिला सांगायला लागले आणि बराच वेळ सांगत राहिले. त्याच आठवड्यात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मामीनं मला विचारलं, "मी झोपा म्हटलं म्हणून गेले काय रं?"

मी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. रोग सगळीकडं पसरला होता. कुणी उठवून बसवल्यानं किंवा झोपवल्यानं काही फरक पडणार नव्हता. "डाक्टरास्नी पोटातलं दिसतंय," ती म्हणाली. "मनातलं कुणाला दिसतंय?"

लोक तिला अजून बोलावतात. मध्यंतरी हुपरीच्या माझ्या मावसबहिणीचं ऑपरेशन झालं. जखम भरत आली तरी ती जेवेना, बोलेना. "मामी, हिला जरा झापा," म्हणून तिचा नवरा न्यायला आला. मीही सोबत गेलो. मामी खाटेवर तिच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "लई दुखतंय काय गं?"

बहीण एकदम रडायला लागली. नवरा गोंधळून माझ्याकडं बघत राहिला. मामीनं तिला थांबवलं नाही, समजावलं नाही; नुसते तळपाय चोळत राहिली. रडून झाल्यावर बहिणीनं पाणी मागितलं, मग थोडा भात मागितला.

परतीच्या बसमध्ये मामी खिडकीबाहेर बघत होती. कोल्हापूर जवळ आल्यावर म्हणाली, "एवढं इचारायला माझं काय जात हुतं रं?"