चुलीच्या पोटातल्या विटा

दुष्काळात सरपण मिळेना आणि माझी खानावळ बंद पडायची वेळ आली. माझ्याकडं रोज जेवायला मैंदर्गीकडचा एक गवंडी यायचा. मिलच्या बॉयलरला आतून विटा लावायचं त्याचं काम. वीट हातात आली की टिचकी मारून कानाशी धरायचा, बद्द वाजली, म्हणजे आत तडा असला, की बाजूला ठेवायचा. त्यानं माझ्या चुलीला आतून ताप धरून ठेवणाऱ्या भट्टीच्या विटा बसवल्या आणि म्हणाला, "चार दिवस जाळ बेडा री, मालक." बेडा म्हणजे नको.

मी कुणाचं ऐकणारा न्हवतो. दुसऱ्याच दिवशी चूल पेटवली. ओल्या सांध्यांतून वाफ फुटली, विटा तडकल्या.

तो आला, बघून हसला. "लई घाई हाय की तुमाला!" जेवण तसंच ठेवून त्यानं पुन्हा विटा बसवल्या.

या खेपेला मी थांबलो. पाचव्या दिवशी त्यानं हळूहळू जाळ वाढवला, विटा तापल्यावर जळती लाकडं ओढून पाण्यानं विझवली. "आता थापा भाकरी." विस्तव नसलेल्या चुलीवर भाकरीमागून भाकरी टम्म फुगत राहिली. तो मात्र चुलीकडं कान लावून बसला होता.

गल्ल्यावरून मी कधी कुणासाठी उठलो न्हवतो. त्या दिवशी उठलो आणि पहिली भाकरी माझ्या हातानं त्याला वाढली.