बेडूक, बँकर आणि माझा डोळा

उजेड पडला की तुमच्या डोळ्यात बारीकशी वीज उठते, हे तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं होतं का? मलाही नाही. मी चळवळीतल्या घरात पत्रकं वाचत वाढले, आमच्या रद्दीतसुद्धा जाहीरनामे निघायचे; पण हे कळलं ते सिंगापुरात, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये, विद्यापीठात डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या माझ्या रूममेटकडून.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिला मुलांना या शोधाची सुरुवात दाखवायची होती. स्वीडनमधल्या एका शास्त्रज्ञाने ही वीज आधी बेडकाच्या डोळ्यात मोजली. पुढे एका स्कॉटिश संशोधकाने माणसाला आडवं झोपवलं, डोळ्याभोवती मातीचं आळं करून त्यात मिठाचं पाणी भरलं, मोजणारी तार सोडली आणि त्याचा हातही मिठाच्या पाण्यात बुडवला.

कार्यक्रम ठरवायच्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या म्हणाल्या, "शनिवारी करून दाखवा. नाही जमलं तर तुमचा अर्धा तास अंताक्षरीला."

मी लगेच पत्रक लिहिलं: 'बेडूक असो की रॅफल्स प्लेसमधला बँकर, उजेडापुढे दोघांचे डोळे समान.'

"समान नाहीत," रूममेट म्हणाली. "दोघांतही वीज उठते, एवढंच लिही."

"तू तडजोडवादी आहेस."

"आणि तू आडवी झोपणार आहेस."

शनिवारी मी सतरंजीवर, हात मिठाच्या पाण्याच्या पातेल्यात. मातीऐवजी पिठाचं आळं करायचं ठरलं होतं. रूममेट यंत्र जुळवत होती, तोवर काकूंनी उडदाचं पीठ मळून माझ्या डोळ्याभोवती सुबक आळं थापलं आणि काहीतरी कोमट ओतलं. रूममेटने तार सोडली, टॉर्च चमकवला. पडद्यावरची रेषा जागची हलली नाही. पुन्हा चमकवला. तरी नाही.

"आंटी, युअर आय डेड ऑलरेडी ला," काकूंची मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

सगळ्यांच्या डोळ्यांची ग्वाही देणारीचाच डोळा गप्प. अंताक्षरी जिंकणार असं दिसत होतं.

"तुपाचा वास कुठून येतोय?" रूममेट म्हणाली.

"नेत्रतर्पणच ना हे?" काकू शांतपणे म्हणाल्या. "आमच्या पुण्याच्या वैद्यांकडे तूपच घालतात. मीठ कोण घालतं गं डोळ्यात?"

"काकू, तुपातून वीज जात नाही."

डोळा पुसला, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते आळ्यात भरलं. टॉर्च चमकला आणि रेषा टुणकन वर गेली.

"हलली की," काकू म्हणाल्या आणि बांगड्या काढत मला म्हणाल्या, "ऊठ आता, मला झोपू दे." त्यांचीही रेषा हलली, तेव्हा मुलगी टॉर्च सोडेना.

"अर्धा तास तुमचा," काकूंनी निकाल दिला. "पण पत्रकातून बँकर काढ. आपले खजिनदार रॅफल्स प्लेसलाच बँकेत आहेत."

मी 'समान' काढलं, बँकर ठेवला.

तुमच्या मंडळाचा कार्यक्रम ठरत असेल तर आजच समितीला फोन करा आणि मुलांना असा एखादा प्रयोग दाखवायला अर्धा तास मागून घ्या. अंताक्षरीतून कापला तरी चालेल.