आत्यांचा संशय आणि धरणावरचा कुरव

डिंगोऱ्यात माझी खोली आणि काम दोन्ही टिकलं ते घरमालकीण आत्यांमुळे, हे आधी सांगतो. आणि आत्यांइतकी संशयी बाई अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडायची नाही, हेही लगेच सांगून टाकतो. दूध पातळ आहे का हे त्या पातेल्यात न बघता दूधवाल्याच्या तोंडावर बघतात. टीव्हीवाला उद्या थंडी वाढेल म्हणाला, की "ह्याला कुणी सांगितलं?" पाहुणे हसतमुखानं जेवून गेले, की आत्या दिवसभर बेचैन: "पावणं एवढं गोड का बोलत व्हतं?" आठवीतनं शाळा सोडून, कोकणातला किनारा सोडून मी इथं जळालेल्या पंपाच्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायच्या दुकानात लागलो, तेव्हा त्यांनी नाव विचारायच्या आधी माझी पिशवी उलटी केली. आईनं बांधून दिलेली सुकट हुंगून म्हणाल्या, "हे मेलेलं कशापायी आणलंस रं?"

गेल्या हिवाळ्यात धरणाच्या कडेला पंप बसवताना मला पाण्यावर थोरला कुरव दिसला. पांढराधोप, पिवळ्या चोचीचा समुद्रपक्षी. आमच्या किनाऱ्यावरसुद्धा तो एखाद्याच थंडीत येतो. मला घर आठवलं, फोटो काढून गावी पाठवला. तो फोटो कुठून कुठं फिरला कोण जाणे. चार दिवसांत तीन पायांच्या स्टँडवर लांबलचक कॅमेरे लावून शहरातली माणसं काठावर उभी. धरणात एकदा जमिनी गेलेलं गाव ते. जमीन मोजणाऱ्यांसारखे स्टँड दिसले आणि "परत मोजणी आली!" म्हणून सगळे आमच्या दुकानासमोर जमले. "ह्या परक्या पोरानंच फोटू पाठवून आणली. हाकला ह्याला." मालक खाली बघत राहिले.

तेवढ्यात आत्या गर्दीत घुसल्या. "संशयच घ्यायचा तर आदी मला इचारा. वर्सभर घेतलाय मी ह्याच्यावर. उशी उसवून बघितली, परत शिवली, काय न्हाई निघालं. आता तुमी नवं काय काढणार, राव?"

उशीचं मला तिथंच कळलं. पण आत्यांनी तपासलेला माणूस पुन्हा तपासायची कुणाची छाती नव्हती. मग त्या सगळ्यांना घेऊन काठावर गेल्या, कॅमेऱ्याला डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "मोजणी कसली, पाखरू बघत्यात. लई लांबचा दिसतोय. ऱ्हाऊ दे त्याला."

थंडी सरली तसा कुरव गेला. त्या दिवशी भाकरी वाढताना आत्या म्हणाल्या, "सांगून गेला न्हाई." आणि माझ्याकडं न बघता, "तू तरी सांगून जा."

मी मनात ठरवलंय, जाईन तेव्हा आत्यांना सोबत घेऊनच जाईन. आईच्या ओट्यावर बसवून पोटभर जेवू घालीन. त्यांनी भाताचं शीतन् शीत तपासलं तरी चालेल.