सासूचा अंगठा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. माहेरी नाही, बचत गटात तर नाहीच — तिथे माझं कौतुक असतं. निराधारच्या पैशांत घर कसं चालवावं ते हिच्याकडून शिका, म्हणतात. काय शिकायचं, ते तुम्हीच ऐका.

नवरा गेल्यावर वरठीजवळच्या आमच्या घरात दोघीच उरलो, मी आणि सासू. दोघींनाही निराधारचे पैसे येत. मी त्यातून तेल-मीठ, विजेचं बिल काढायची, थोडे डब्यात मागेही टाकायची. सासूचा हात मात्र सैल. पैसे आले की शंभर रुपये आंबागडच्या लेकीला, गल्लीतल्या पोरांना जिलेबी. माझा जीव जळायचा. स्वतःच्याच पैशांतून देत होती ना ती? पण मला ते दिसतच नव्हतं.

पैसे काढायला बँकेच्या केंद्रात मशीनवर अंगठा लावावा लागतो. जन्मभर धानाची रोवणी करून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. एकदा दोन वेळा लावूनही अंगठा उठला नाही. मग मधलं बोट लावलं, ते उठलं. तिला कमी दिसायचं, काही कळलं नाही. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि नोटा माझ्या हातात आल्या. मी बाहेर आले तर विचारते, "उठला का वं?"

"नाही उठला," मी म्हटलं.

एकदाच म्हणणार होते. मग सात महिने तेच म्हणत, तिच्या नोटा डब्यात टाकत राहिले — सोपं झालं होतं. जायच्या आदल्या दिवशी ती अंगठ्याला खोबरेल चोळून चिंधी गुंडाळून ठेवायची, भांड्यांना हात लावायची नाही. मी बघायची.

पुढे तिने रात्रीचं जेवण सोडलं. "माहा अंगठाच उठत नाही, मंग दोन टाइम तुह्या जिवावर कायले जेवू?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी वाढलेला भात परत गंजात टाकला. महिनाअखेर तांदूळ उरतो, हे माझ्या लक्षात आलं होतं — आणि मला बरं वाटलं होतं. खोटं बोलले त्यापेक्षा हे सांगायला जड जातं.

पावसाळ्यानंतर ती गेली. अंगात काही उरलंच नव्हतं. तेरवीसाठी मी कुणापुढे हात पसरला नाही, म्हणून गावात अजून माझं नाव घेतात. पंगतीत भात होता, वरण होतं, जिलेबीही होती. आंबागडची नणंद माझे हात धरून म्हणाली, "वैनी, माह्या मायसाठी तुमी लय केलं जी."

डब्यातले पैसे तिच्या मायचेच होते. मी तिच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.