आधी चहा, मग धक्का

“आधी चहा, मग धक्का,” असं म्हणून झेरॉक्सच्या दुकानाचे दादा थर्मासचं झाकण उघडत. धक्का म्हणजे काय, हे नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमध्ये एव्हाना बहुतेकांना माहीत होतं. नवं गिऱ्हाईक जरा ओळखीचं झालं, की दादा त्याला चहा पाजत आणि झेरॉक्स मशीनमध्ये कागद लावता लावता साध्या आवाजात सांगत, “घरी आम्ही दोघं असतो. मी आणि माझा जोडीदार. हो, पुरुषच.”

कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात प्रोजेक्टचं बाइंडिंग करायचो. समोरच्याचा कप ओठाशी थांबलेला मी कितीदा पाहिला आहे. काहीजण पुन्हा येत नसत. बरेचसे येत, आणि पुढच्या खेपेला विचारत, “त्यांचा ताप उतरला का हो?” चौथ्या मजल्यावरच्या काकू दिवाळीत करंज्यांचे दोन डबे आणत. “एक तुमचा, एक त्यांचा. भांडू नका.”

मला त्या दुसऱ्या डब्याचा हेवा वाटायचा. खरंच सांगतो, खूप.

कारण मी देव मानत नाही, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. उरणकडच्या आमच्या कोळीवाड्यातल्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच; त्यासाठीच पनवेलला राहायला आलो. गणपतीच्या दिवशी भटजींची दुपारपर्यंत वाट बघावी लागते, म्हणून आळीतल्या चार घरांची पूजा मी पोथीत बघून सांगतो. आय पदर सावरून शेजारी बसते. तिला मंत्र कळत नाहीत. मुलगा वाचतोय, एवढं तिला पुरतं.

एकदा धीर करून मी दादांना म्हटलं, “आज चहा मी ओततो.” आणि सांगून टाकलं.

दादांचा कप ओठाशी थांबला. मशीनमागच्या भिंतीवर गणपतीची तसबीर होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. “अरे, असं बोलू नये. वय आहे तुझं. जाईल हे.”

मला रागच आला. “तुम्ही आरतीला ढोलकी वाजवता, म्हणून लोक तुमचं बाकीचं चालवून घेतात. मी आरतीलाच उभा राहिलो नाही, तर मला कोण करंज्या देईल?”

दादांनी कागदांची चळत सारखी केली. मग म्हणाले, “‘वय आहे, जाईल’ हे मला माझा काका म्हणाला होता. आज माझ्याच तोंडून आलं बघ.” थोडं हसले. “पण विद्वान, मी निदान त्यांना माहीत तरी आहे. तू लपून बसतोस, आणि कुणी बोलावत नाही म्हणून रुसतोस. आईला सांग.”

यंदाही गणपतीत मी चारही घरी पोथी वाचली. दुसरं काही बोललो नाही.

परत आलो तर दुकानाचं शटर बंद. दादांच्या घरमालकाने करार वाढवला नव्हता, आणि सगळं पनवेल पालथं घालूनही दोघांना दुसरी खोली मिळाली नव्हती, म्हणून ते पनवेलच सोडून गेले होते. काकूंचा खारघरचा फ्लॅट वर्षभर रिकामा आहे. मी चाचरत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “माणूस लाखमोलाचा रे. पण सोसायटीत फॅमिली लागते ना.”

मी आपला करंज्यांचे डबेच मोजत बसलो होतो.

हेवा मात्र गेलेला नाही. चहा पिणारा उद्या घर देईलच असं नाही, हे दादांना आधीपासून माहीत असणार. तरी दर वेळी नव्या माणसासमोर ते थर्मास उघडायचे. ते मला कधी जमणार?

थर्मास त्यांनी वॉचमनकडे माझ्यासाठी ठेवला होता. चिठ्ठी नव्हती. रविवारी त्यात चहा भरून गावी गेलो. आय ओटीवर जवळा निवडत बसली होती. मी दोन कप भरले.

“आधी चहा पी,” मी म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि कप एका दमात रिकामा केला.

“प्यायले. आता बोल, काय हाय ते.”